लाल बटण दाबण्याआधी

रबाळे गावातल्या एका हळदीत, रात्री साडेनऊच्या सुमारास, डीजेच्या स्पीकरमधून मला एक ओळखीचा आवाज ऐकू आला. म्हाताऱ्या बाईचा, जरा घोगरा, शब्द ओढून म्हणणारा. त्याचा वेग वाढवला होता आणि खाली ठेका टाकला होता. पोरं बेभान नाचत होती. तो आवाज माझ्या घरमालकांच्या आईचा होता. रेकॉर्डिंग माझं होतं. आणि आजी माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसल्या होत्या.

हे कसं झालं ते सांगतोच. पण त्या रात्रीनंतर मी जे वाचत गेलो, तेही सांगायला हवं. कारण खिशात मावणाऱ्या रेकॉर्डरचा इतिहास मी तोवर एक इंजिनिअर म्हणून वाचत होतो: कोणतं मशीन कधी आलं, किती मिनिटं मावत होती, आवाज किती स्वच्छ होता. या इतिहासाला दुसरी बाजू आहे. मायक्रोफोनसमोर बसलेल्या माणसांची. त्यांतल्या काहींनी हो म्हटलं, काहींनी नाही म्हटलं, आणि बऱ्याच जणांना कुणी विचारलंच नाही.

गावठाणातलं घर

मी मूळचा मिरजेचा. ऑफिस ऐरोलीत, म्हणून रबाळ्यात भाड्याने राहतो. नवी मुंबई म्हटलं की लोकांना काचेच्या इमारती दिसतात. पण हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं राहिलं आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला एमआयडीसीचे कारखाने, पश्चिमेला सिडकोचे सेक्टर आणि या सगळ्यात दाटीने उरलेली आगरी-कोळ्यांची गावठाणं: ऐरोली, रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली. माझी खोली अशाच एका गावठाणातल्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या घराच्या भिंतीला लागेल.

रेकॉर्डर घेतला तो मित्राच्या पॉडकास्टसाठी. झूम एचवनएन, सेकंडहँड. मुठीत मावतो, दोन छोट्या पेन्सिल सेलवर चालतो, वर एकमेकांना छेदणारे दोन मायक्रोफोन आणि समोर एक गोल बटण, जे दाबलं की लाल दिवा लागतो. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज घेतला तर तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पन्नास तास मावतात. पॉडकास्ट तिसऱ्या भागाला बंद पडला. रेकॉर्डर माझ्याकडेच राहिला आणि मी हाताला लागेल ते रेकॉर्ड करायला लागलो. पहाटेची पनवेल लोकल, गावदेवीच्या जत्रेतला बँजो, पत्र्यावरचा पाऊस.

घरमालकांच्या आई धवलारीण आहेत, हे मला वर्षभराने कळलं. आगरी समाजात लग्नाचे विधी परंपरेने धवलारीण लावते. भटजीने मंत्र म्हणावेत तसे ती धवले म्हणते. हळद, तेलवण, मांडव, प्रत्येक विधीची वेगळी गाणी, सगळी पाठ, सगळी आगरी बोलीत. पौरोहित्य करणारी ही बाई असते आणि तिचं सगळं शास्त्र गाण्यात असतं. आता बऱ्याच घरांत भटजीही येतात आणि डीजेही येतो. धवलारणीला अजून बोलावतात, पण दरवर्षी थोडं कमी.

मी उत्साहाने रेकॉर्डर घेऊन खाली गेलो. आजी तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "आजी, एक धवला म्हणता का? रेकॉर्ड करतो."

त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नवरी नाय, हलद नाय, मंग धवला कुणाला गाऊ, बाला?"

मला तेव्हा वाटलं, आजी लाजतायत. पुढे त्यांच्या भाचीच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात त्या दोन तास गायल्या. मी खांबाला रेकॉर्डर टेकवून लाल बटण दाबलं. कुणाला विचारलं नाही. लग्नात सगळेच व्हिडिओ काढत होते, मग विचारायचं काय? घरी येऊन त्यातला तीस सेकंदांचा तुकडा एका अ‍ॅपवर टाकला. खाली लिहिलं, 'आगरी धवला, रबाळे.' आजींचं नाव लिहिलं नाही. तेव्हा ते सुचलंही नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. तुकडा कुणीतरी उचलला, त्यावर बीट चढवला, आणि फिरत फिरत तो परत रबाळ्यालाच आला. विधीसाठी म्हटलेलं गाणं नाचायला लागलं होतं.

नाव सांगून संपणारं गाणं

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने नोव्हेंबरमध्ये गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं. त्या काळच्या त्यांच्या तबकड्यांत गाणं संपताच ठणठणीत इंग्रजीत एक वाक्य येतं: माझं नाव गौहर जान. आज ऐकताना तो नखरा वाटतो. कारण साधं होतं. मुद्रण इथे व्हायचं आणि तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला निघायच्या. तिथल्या कामगारांना कोणतं गाणं कुणाचं हे कळावं, लेबल चुकू नये, म्हणून गायक शेवटी स्वतःचं नाव सांगत.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला मेटाडेटा म्हणतो. फाइलबद्दलची माहिती. १९०२ साली ती माहिती गाण्याच्याच पोटात होती, गाण्यापासून तोडता येत नव्हती. तोडायची तर तबकडीच फोडावी लागली असती. माझ्या तीस सेकंदांच्या तुकड्यात असं काही नव्हतं, म्हणून तो इतक्या सहज बेवारस झाला.

तबकडीची दुसरी अट होती वेळ. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तासभर चालणारा ख्याल त्यात कोंबायचा. काही गायकांनी ते फार सुंदर जमवलं. अब्दुल करीम खाँ आमच्या मिरजेचे. त्यांच्या छोट्या तबकड्या ऐकत आमच्याकडे घरं मोठी झाली आहेत.

पण सगळेच मशीनसमोर बसले नाहीत. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १९४६ साली मुंबईत वारले. तोवर भारतात ध्वनिमुद्रण सुरू होऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती. तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज आपल्याकडे नाही. आपली विद्या तबकडीवरून कुणीही उचलेल ही भीती त्या पिढीतल्या अनेकांना होती. आपण आज त्यांना हळहळत नावं ठेवतो. मीही ठेवायचो. त्या हळदीनंतर मात्र ती भीती मला मागासलेली वाटत नाही.

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या. त्यांनी तबकड्या दिल्या, पण स्वतःच्या अटींवर. बैठकीत कुणी गाणं टेपवर घेणं त्यांना अजिबात खपत नसे. आणि नियतीचा खेळ असा, की त्यांच्याच भैरवीची एक तबकडी, 'जात कहाँ हो', अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीसाठी निवडली गेली. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालं आणि त्यानंतर अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. ते यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. माणसाच्या हातची कोणतीही वस्तू आज त्याच्याइतकी दूर नाही.

म्हणजे नकार देणारी ही बाई आवाजाची कंजूष नव्हती. कोणतं गाणं, किती, कुठे द्यायचं, हे तिला स्वतः ठरवायचं होतं. एवढंच.

मशीन खिशात येतं

तोवर नकार देणं सोपं होतं, कारण मशीन लपत नव्हतं. मुद्रण करायचं तर गायकाला मशीनकडे जावं लागे. टेप आली आणि मशीन गायकाकडे यायला लागलं. १९५१ साली स्टेफान कुडेल्स्की या पोलिश वंशाच्या इंजिनिअरने स्वित्झर्लंडमध्ये खांद्याला अडकवून नेता येईल असा टेप रेकॉर्डर बनवला आणि त्याला नाव दिलं 'नागरा'. पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'मुद्रित करेल'. पुढे जगभरच्या सिनेमावाल्यांनी आणि रेडिओवाल्यांनी तो वापरला.

मग १९६३. फिलिप्स कंपनीच्या लू ऑटेन्स यांनी नव्या मशीनचं माप ठरवण्यासाठी लाकडाचा एक ठोकळा करून घेतला होता. तो कोटाच्या खिशात मावला पाहिजे, ही अट. त्यातून कॉम्पॅक्ट कॅसेट आणि ती वाजवणारं छोटं मशीन जन्माला आलं. ते नुसतं वाजवत नव्हतं, रेकॉर्डही करत होतं. सेलवर चालत होतं.

आणि यातली गंमत पाहा. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला, ज्याने खिशातलं संगीत जगभर नेलं, त्यातून रेकॉर्डचं बटणच काढून टाकलं होतं. फक्त ऐका. म्हणजे सोळा वर्षांत खिशातलं मशीन बोलणाऱ्याचं राहिलं नाही, ऐकणाऱ्याचं झालं.

आपल्याकडे मात्र ऐंशीच्या दशकात टू-इन-वन घराघरांत आला. आखातात कामाला गेलेले लोक येताना तो घेऊन यायचे. त्यात रेडिओ होता, कॅसेट होती आणि लाल बटणही होतं. कोऱ्या साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास मावायचा. पीटर मॅन्युअल या अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या बदलावर १९९३ साली 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा, की तबकडी काढायला मोठी कंपनी लागत होती, कॅसेट काढायला लागत नव्हती. म्हणून जी गाणी मोठ्या कंपनीला परवडत नव्हती, ती बाजारात आली. महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायला नको. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजातली भीमगीतं आणि लोकगीतं कॅसेटवरून वस्त्यावस्त्यांत पोचली. ज्यांना कुणी स्टुडिओत बोलावलं नसतं अशा लोकांना यंत्राने जागा करून दिली, हे अगदी खरं आहे.

पण त्याच यंत्राने नकार अवघड केला. मोठ्या मशीनसमोर बसणारा माणूस जाणूनबुजून बसत होता. शालीखालच्या मशीनला कुणी 'नाही' कसं म्हणणार? आज आपण ज्या जुन्या खाजगी बैठका ऐकतो आणि ज्यांबद्दल मनापासून कृतज्ञ असतो, त्यांतल्या कितींच्या वेळी गायकाला विचारलं होतं, हे रेकॉर्डिंग सांगत नाही.

जात्यापाशी

या इतिहासातलं मला सगळ्यात जवळचं वाटलेलं काम पुण्यात झालं. जात्यावरच्या ओव्या कागदावर उतरवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. साने गुरुजींनी बायांकडून गोळा केलेल्या ओव्या 'स्त्रीजीवन'मध्ये छापल्या. पुढे सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून प्रचंड संकलन केलं. या कामांमुळे शब्द वाचले. पण कागदावर चाल राहत नाही, दम घेण्याची जागा राहत नाही, जात्याची घरघर राहत नाही. आणि बहुतेक वेळा ओवी म्हणणारीचं नावही राहत नाही. 'लोकगीत' म्हटलं की ते सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्यातून, गावागावांतल्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन, १९८०च्या दशकापासून ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, लाखाहून जास्त ओव्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-संशोधक त्यांना येऊन मिळाले. हे आधी इंजिनिअर होते, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल साहजिकच जास्त आपुलकी. त्यांनी डॅटवर, म्हणजे डिजिटल टेपवर ओव्या मुद्रित केल्या. एकूण १२० तासांहून अधिक. डॅटची कॅसेट काड्यापेटीहून थोडी मोठी, पण त्यात दोन तास मावत.

तोवर गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. पहाटेचं दळण थांबलं होतं आणि दळण थांबलं की ओवी म्हणायला जागा उरत नाही. आमच्या आजींनी मला विचारलं तोच प्रश्न इथेही होता: नवरी नाही तर धवला कुणाला? दळण नाही तर ओवी कशाला? मशीनसमोर बसलेल्या त्या बाया आठवणीतून गात होत्या.

पण या संग्रहात एक गोष्ट केली गेली, जी मी केली नव्हती. ओवीपाशी ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आहे. गाव, तालुका, जिल्हा आहे. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' या पत्रकार पी. साईनाथ यांच्या ऑनलाइन ग्रामीण वार्तासंग्रहात टप्प्याटप्प्याने येतो आहे. तुम्ही आत्ता फोनवर परभणी जिल्ह्यातल्या ताडकळस गावच्या गंगूबाई अंबोरे यांचा १९९६ साली मुद्रित केलेला आवाज ऐकू शकता, आणि तो ऐकताना तो त्यांचाच आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. पॉइटवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. डॅटची मशीनं भंगारात गेली. नावं राहिली, कारण ती कुणीतरी लिहून ठेवली होती.

१९०२ साली नाव सांगायला लावलं ते कारखान्याच्या सोयीसाठी. इथे नाव लिहिलं ते बाईच्या हक्कासाठी. दोन्हीकडे मेटाडेटाच, पण हेतूत जमीन-अस्मानाचा फरक.

कायदाही हे सांगतो, आणि ते मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने कलम ३८ मध्ये 'सादरकर्त्याचा हक्क' आला. गाणं कुणी रचलं हे माहीत नसलं तरी, ते गाणाऱ्याचा त्या गाण्याच्या मुद्रणावर हक्क असतो. मशीन माझं होतं. कार्ड माझं होतं. आवाज माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी

हळदीच्या रात्री आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो आणि सगळं सांगितलं: मांडवात बटण दाबलं, तुकडा टाकला, नाव लिहिलं नाही. काकी, म्हणजे त्यांची सून, माझ्यावर खवळल्या. आजी शांत होत्या. म्हणाल्या, "सगला आयकव."

मी हेडफोन लावून दिले. त्यांनी दोन तासांचं रेकॉर्डिंग जवळजवळ पूर्ण ऐकलं. मध्येच हसल्या, त्यांच्या जोडीच्या धवलारणीने एका जागी ओळ चुकवली होती. एका ठिकाणी डोळे पुसले. कशामुळे ते मी विचारलं नाही. शेवटी हेडफोन काढून म्हणाल्या, "यो तं मीच हाय. आनि तो रातचा, तो मी नाय."

मी माझा तुकडा काढून टाकला. बीट चढवलेला मात्र अजून फिरतोय. तो कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे हे शोधणं माझ्या हाताबाहेर गेलं. जे पसरलं ते परत गोळा होत नाही. नेटवर्कचा अभ्यास केलेल्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं.

मी विचारलं, "आजी, हे सगळंच पुसून टाकू?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग अटी सांगितल्या. पुसायचं नाही. घरात ठेवायचं. नातीला शिकायचं असेल तर तिला द्यायचं. गावातल्या दुसऱ्या कुणा पोरीला शिकायचं असेल तर तिलाही, पण तिने येऊन आजींना विचारलं पाहिजे. बाजारात नाही, फोनवर नाही, नाचायला तर नाहीच. आणि त्यांच्या जोडीदारणीलाही विचारायचं, "आवाज तिचाबी हाय."

मी वहीत लिहून घेतलं. मग रेकॉर्डर समोर ठेवला आणि पहिल्यांदाच विचारलं, "बटण दाबू?"

"दाब."

त्यांनी आपलं नाव सांगितलं, बापाचं गाव सांगितलं, सासरचं गाव सांगितलं, धवले कुणाकडून शिकल्या ते सांगितलं. मग एकेक करून सगळ्या अटी परत म्हटल्या, सावकाश, मशीनकडे बघून. धवला म्हटला नाही. समोर नवरी नव्हती.

ही सव्वाचार मिनिटांची फाइल मी मांडवातल्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला जोडली आहे. आता ते दोन तास ऐकायचे तर आधी आजींच्या अटी ऐकाव्या लागतात. जोडीदारीण गोठिवलीत राहतात. येत्या रविवारी त्यांच्याकडे जायचं आहे. त्या नाही म्हणाल्या तर त्यांचा आवाज वेगळा काढता येणार नाही, कारण दोघी एकाच सुरात गातात. मग काय करायचं, हे आजींनाच विचारावं लागेल.